बागेच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट: पुण्यातील एका सेवेचे वर्षभराचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेकडील उपनगरांत बंगल्यांच्या आणि रो हाऊसच्या ज्या वसाहती आहेत, तेथील घरांपुढे बागेचा पसारा साधारण सारखाच दिसतो. मधोमध मेक्सिकन गवताची हिरवळ, कडेने गुलाब, जास्वंद आणि मोगरा, कुंपणावर बोगनवेल, कोपऱ्यात आधीपासूनचा एखादा कडुनिंब किंवा आंबा आणि व्हरांड्यात कुंड्यांची रांग. हे सगळे सांभाळायला पूर्वी आठवड्यातून दोनदा माळी येत असे. आता चांगला माळी मिळणे अवघड झाले आहे, आणि मिळाला तरी त्याने इतके बंगले धरलेले असतात की पाणी घालून पाने झाडण्यापलीकडे त्याच्या हातून काही होत नाही. त्यामुळे बागेच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट घेणाऱ्या लहान-लहान संस्था गेल्या काही वर्षांत पुढे आल्या आहेत. अशाच एका संस्थेची सेवा आम्ही एप्रिलपासून मार्चअखेरपर्यंत पूर्ण वर्षभर घेतली. तिचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण अशा बहुतेक संस्थांची कंत्राटे आणि कामाची पद्धत एकाच साच्यातली असते, आणि कंत्राट करू पाहणाऱ्याला नावापेक्षा काय पाहावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

आमची हिरवळ सुमारे ६०० चौरस फुटांची आहे. दरमहा साडेतीन हजार रुपयांत आठवड्याला एक फेरी, प्रत्येक फेरीला दोन माणसे आणि दोन तास काम, असे ठरले होते. हिरवळ कापणे, खुरपणी, छाटणी, खते घालणे आणि गरजेप्रमाणे फवारणी ही कामे त्यात धरलेली होती. कापणीचे यंत्र आणि हत्यारे संस्थेची, तर खते, औषधे, माती आणि रोपे यांचा खर्च आमचा. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु या कंत्राटात फेऱ्या मोजलेल्या आहेत, हंगाम मोजलेले नाहीत, आणि वर्षभरात जे काही बिघडले त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गोष्ट निघाली. बागेला बाराही महिने आठवड्याला दोन तास लागत नाहीत. जानेवारीतल्या काही आठवड्यांत अर्ध्या तासात काम उरकते, तर मे महिन्याच्या अखेरीस, जुलैत आणि ऑक्टोबरच्या मध्याला दिवसभर राबले तरी काम पुरत नाही. ज्या संस्थेचे वेळापत्रक हा फरक ओळखते तीच खरी हंगामी देखभाल करते, आणि या संस्थेला तो फरक वर्षाच्या मध्यावर, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर ओळखता आला.

उन्हाळ्याचे काम सर्वांत कच्चे झाले. पारा चाळिशीच्या आसपास असताना हिरवळ जमिनीलगत भादरण्यात आली. मेक्सिकन गवताचे उंचवटे वाढतात, खाली वाळलेल्या काड्यांचा थर साठतो आणि तो कधीतरी काढावाच लागतो, हे खरे आहे. पण ते काम पावसाच्या तोंडावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात करायचे असते, जेणेकरून उघडी पडलेली मुळे तापण्याआधीच ढगाळ हवा येते आणि पहिल्या सरींबरोबर गवत नव्याने फुटते. एप्रिलमध्ये केलेल्या या कापणीने दक्षिणेच्या बाजूला, जेथे दुपारभर भिंतीची धग येते, तेथे गवत तांबूस पडले आणि दोन ठिकाणी पार जळाले. उन्हाळ्यात कापणीची उंची कमी नव्हे, जास्त ठेवायची असते आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापायचे नसते. उंच पात्याची सावली मातीवर पडते, ओल टिकते आणि मुळे खोल जातात. हा नियम माळीकामातला अगदी प्राथमिक आहे, आणि म्हणूनच तो चुकला याचे वाईट वाटले.

त्या कापणीनंतर गवताची पाती जवळून पाहिली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. धारदार पात्याने कापलेल्या गवताचे टोक सरळ आणि हिरवे राहते. येथे प्रत्येक पात्याचे टोक चिंध्या झाल्यासारखे पिंजलेले होते आणि दोनच दिवसांत ते पांढरट होऊन वाळले, त्यामुळे लांबून सगळ्या हिरवळीवर राखेची झाक आल्यासारखे दिसू लागले. यंत्राचे पाते बोथट होते. एका बंगल्यावरून दुसऱ्या बंगल्यावर फिरणाऱ्या यंत्राला महिन्यातून एकदा तरी धार लावली पाहिजे, आणि एका बागेतले तणाचे बी आणि बुरशी दुसऱ्या बागेत जाऊ नये म्हणून प्रत्येक घरी काम सुरू करण्यापूर्वी ते धुऊन पुसून घेतले पाहिजे. आम्ही सांगितल्यावर धार लावण्यात आली. धुण्याची सवय मात्र पावसाळा अर्धा सरेपर्यंत लागली नाही.

पाण्याविषयी संस्थेने दिलेला सल्ला होता, ‘रोज संध्याकाळी दहा मिनिटे पाइप धरा.’ पुण्यात एप्रिल-मेमध्ये बोअरवेल आटतात, टँकर सुरू होतात आणि अशा वेळी हिरवळीला पाणी घालायचे तर त्याचा हिशोब नीट मांडायला हवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमची हिरवळ जवळपास ५६ चौरस मीटर आहे, म्हणजे १० मिलिमीटर पाणी द्यायचे तर ५६० लिटर लागतात. आमच्या पाइपातून मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी येते, हे बादली भरून घड्याळ लावले की कळते. रोजच्या दहा मिनिटांत दीडशे लिटर, म्हणजे तीन मिलिमीटरही नाही. एवढे पाणी वरच्या थरात राहते, सकाळी उन्हाबरोबर उडून जाते आणि मुळे वरच घुटमळतात. तेच पाणी एकत्र करून चार दिवसांतून एकदा पहाटे सावकाश दिले तर ते चार-पाच इंच खाली पोहोचते. वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे पाणी बागेसाठी मिळते, तेव्हा ते वापरता यावे म्हणून आम्ही वेगळी जोडणी करून घेतली होती, परंतु ही चौकशी वास्तविक कंत्राट घेणाऱ्याने पहिल्या भेटीतच करायला हवी. कुंड्यांच्या बाबतीत मात्र संस्थेचे काम चोख होते. पश्चिमेकडच्या कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत हलवल्या, त्यांवर नारळाच्या शेंड्या आणि वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले आणि हिरवी जाळी बांधली. गुलाबाच्या पानांखाली लाल कोळी दिसू लागल्यावर औषधाची बाटली काढण्याआधी दोन-तीन फेऱ्यांत पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि तेवढ्याने काम भागले. कोरड्या, तापलेल्या हवेत हा कोळी फोफावतो, ओल त्याला मानवत नाही.

मे महिन्यात कडुनिंबाची एक फांदी विजेच्या तारेकडे झुकली होती. ती उतरवण्याची तयारी माळ्यांनी लगेच दाखवली, तेव्हा संस्थेच्या पर्यवेक्षकांनी स्वतःहून त्यांना थांबवले. महाराष्ट्रात शहरी भागातील झाडांना १९७५ चा वृक्ष जतन कायदा लागू आहे आणि मोठ्या फांद्या छाटण्यासाठी महानगरपालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी लागते. अर्ज कसा करायचा, फोटो कोणत्या बाजूने घ्यायचे, हे त्यांनी समजावून दिले आणि परवानगी आल्यावरच फांदी उतरवली. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. पालापाचोळा त्यांनी जाळला नाही, हेही नमूद करावेसे वाटते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतला कचरा वेगळा साठवायचा असतो आणि तो जाळण्यास मनाई आहे, तरीही सकाळच्या वेळी वसाहतीत कोठे ना कोठे धूर दिसतोच. या संस्थेने मागच्या अंगणात जाळीचा एक गोल उभा करून दिला आणि पाने त्यात थरावर थर रचली. त्याचे काळेभोर खत जानेवारीत चाळून मिळाले.

पावसाळ्यात मात्र या सेवेने आपले खरे मोल दाखवले, आणि वर्षअखेर कंत्राट पुढे चालू ठेवावेसे वाटले ते मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांमुळे. पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो. त्याआधीच माळ्यांनी हिरवळीत लोखंडी काट्याने सहा-सहा इंचांवर भोके पाडली आणि चाळलेले गांडूळखत व जाड वाळू यांचे मिश्रण झाडूने त्या भोकांत सारले. आमच्याकडच्या बऱ्याच बंगल्यांच्या बागा मुळात बांधकामाच्या राडारोड्यावर पसरलेल्या सहा-आठ इंच लाल मातीवर उभ्या आहेत. खाली मुरूम आणि विटांचे तुकडे, वर माती घट्ट बसलेली, त्यामुळे संततधार लागली की हिरवळीवर पाणी थांबते आणि गवताची मुळे गुदमरतात. या भोकांचा परिणाम जुलैत दिसला. आधीच्या पावसाळ्यांत फाटकाजवळ जे डबके दिवसभर राहायचे ते तासाभरात ओसरू लागले. कुंड्यांखालच्या ताटल्या त्यांनी पहिल्याच पावसात उचलून ठेवल्या, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत पूर्ण डास तयार होतो.

हुमणीच्या, म्हणजे गवताची मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीच्या, बाबतीत त्यांनी जे केले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण घरच्या हिरवळीचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि बहुतेकांना तो ऑक्टोबरमध्ये कळतो, जेव्हा वेळ निघून गेलेली असते. वळवाचा पाऊस पडला की जमिनीत दडलेले भुंगेरे दिवेलागणीला बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर जाऊन बसतात. तेथे त्यांचे मीलन होते, पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात आणि माद्या अंडी घालतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या पावसाळाभर गवताची मुळे खातात. आमच्या अंगणात कडुनिंब असल्याने धोका अधिक होता. पर्यवेक्षकांनी पहिला जोराचा वळीव झाल्यावर लगेच फोन करून विचारले, संध्याकाळी साडेसातनंतर दोन माणसे पाठवली, झाडाखाली जुन्या चादरी अंथरल्या आणि लांब काठीने फांद्या हलवल्या. पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले. पुढचे काही दिवस हे काम आम्हीच केले. भुंगेऱ्यांना एका वर्षात एकच पिढी घालता येते, म्हणून या आठ-दहा संध्याकाळी जितके हाती लागतात तितकी पुढची कटकट वाचते. हे काम कंत्राटात कोठेही लिहिलेले नव्हते आणि त्याचे वेगळे पैसेही घेतले नाहीत.

जुलैच्या शेवटी हिरवळीच्या एका कोपऱ्यात गवत पिवळे पडू लागले. संस्थेकडून नेहमी येणाऱ्या माळीमामांनी खुरप्याने फूटभर लांब-रुंद असा गवताचा चौकोन कापून चटईसारखा उलटला. मुळे जवळजवळ नव्हतीच, आणि त्याखालच्या ओल्या मातीत पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या चार अळ्या पडलेल्या होत्या. त्यांच्या शेपटाकडचा भाग पोटातल्या मातीमुळे निळसर काळा दिसत होता. दुसऱ्या माळ्याने तेथेच थायमेट टाकण्याचा उपाय सुचवला. थायमेट या नावाने ओळखले जाणारे फोरेट हे अतिशय जहाल कीटकनाशक आहे, एके काळी ते हुमणीसाठी सर्रास वापरले जायचे, परंतु केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर पूर्ण बंदी आहे. पर्यवेक्षकांनी त्या सूचनेला जागेवरच नकार दिला आणि मेटारायझियम या परोपजीवी बुरशीची पावडर चाळलेल्या शेणखतात मिसळून, संध्याकाळी, जमीन ओली असताना पसरली. ही बुरशी अळीच्या अंगावर रुजते आणि तिला मारते, पण तिला ओल आणि सावली लागते, ऊन आणि बुरशीनाशके तिला चालत नाहीत. म्हणून त्यांनी त्या भागात पुढे सप्टेंबरपर्यंत कोणतेही बुरशीनाशक फवारू दिले नाही. सप्टेंबरात पुन्हा चौकोन उलटून पाहिले तेव्हा दोन अळ्या हिरवट बुरशीने मढलेल्या मेलेल्या सापडल्या. गवत तोवर बरेच सावरले होते. मुलाबाळांचे, कुत्र्या-मांजरांचे पाय ज्या हिरवळीला लागतात तेथे बंदी असलेले विष टाकायला ठाम नकार देणारा माणूस पर्यवेक्षक असणे, ही माझ्या मते या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

लव्हाळ्याचे काम निम्मे साधले. पावसाळ्यात हिरवळीत डोके वर काढणारा लव्हाळा हे तण आहे; तो गवतापेक्षा झपाट्याने वाढतो, त्याचे पाते चकचकीत आणि दांडा त्रिकोणी असतो. तो हाताने उपटला की वरचा भाग तुटून येतो आणि खालची गाठ तशीच राहते. त्या गाठी तारेसारख्या बारीक मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि ही साखळी तुटली की मागे राहिलेल्या गाठी फुटतात. त्यामुळे ओल्या जमिनीत टोकदार खुरप्याने माळ ओढून काढावी तशा त्या एकामागून एक काढाव्या लागतात. जुलैत दोन फेऱ्या त्यांनी हे काम नेटाने केले. ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला तेव्हा फेऱ्या चुकल्या आणि मधल्या काळात पुन्हा गाठी तयार झाल्या. नंतर एकदा त्यांच्या माणसाने कुंपणालगतच्या फरशांच्या फटींत ग्लायफोसेट हे तणनाशक फवारण्याची परवानगी मागितली. ग्लायफोसेटचा वापर २०२२ च्या केंद्रीय आदेशाने परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरता मर्यादित केला आहे, आणि त्या माणसाकडे असा परवाना नव्हता. शिवाय हे औषध तण आणि गवत असा भेद करत नाही, वाऱ्याने उडालेले थेंबही हिरवळ जाळतात. आम्ही नकार दिला आणि त्यांनी तो आग्रह न धरता मान्य केला. परंतु ही विचारणा मुळात व्हायला नको होती. कंत्राट करणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट मागावी, ती म्हणजे जे औषध बागेत पडणार आहे त्याचा मूळ डबा, त्यावरच्या लेबलासह. लेबलावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ते औषध घरच्या बागेत येऊ देऊ नये.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुलाबांची छाटणी झाली, आणि ती पाहण्यासारखी होती. पुण्यात गुलाबाची मुख्य छाटणी याच सुमारास करतात, कारण पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांच्या रोगाने झोडपलेली पाने तेव्हा गळलेली असतात, आकाश निरभ्र होते आणि छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, थंडी सुरू होताना भरघोस फुले येतात. माळीमामा आधी प्रत्येक झुडुपाभोवती एक फेरी मारून नुसते पाहत. मग मेलेली आणि आतल्या बाजूला वळलेली फांदी आधी काढत. शेंड्याकडून वाळत आलेली फांदी असेल तर काप घेऊन आतला गाभा पाहत. तो तपकिरी असेल तर आणखी खाली, आणि पांढरा स्वच्छ गाभा लागेपर्यंत खाली येत. राखलेल्या फांदीवर बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, शोधून त्याच्या वर पाव इंचावर, पाणी डोळ्याकडे न जाता मागे ओघळेल असा तिरका काप घेत. कात्री झुडूप बदलताना स्पिरिटने पुसत. एका सकाळी चौदा झुडपांचे हे काम त्यांनी केले आणि त्यात घाई कोठेही नव्हती.

कापांवर लावायची बोर्डो पेस्ट त्यांनी तेथेच तयार केली. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत वेगवेगळा भिजवून मग एकत्र ओतला, एक किलोला एक किलो आणि एकूण पाणी दहा लिटर, याच प्रमाणात, अर्थात आम्हाला लागली तेवढीच थोडी. तयार झाल्यावर त्यात लोखंडी विळ्याचे टोक मिनिटभर बुडवले. टोकावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे आणि चुना वाढवायला हवा असे समजायचे. पहिल्यांदा चढला, मग चुन्याची थोडी निवळी घालून पुन्हा पाहिले तेव्हा विळा स्वच्छ निघाला. ही पेस्ट त्याच दिवशी वापरावी लागते, हेही त्यांनी सांगितले आणि उरलेली शेजारच्या आंब्याच्या बुंध्याला जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत लावून टाकली. बाजारात बाटलीत तयार मिळते, पण इतक्या निगुतीने हाताने केलेले काम पाहिले की देखभालीच्या सेवेला द्यावयाच्या पैशांविषयी मनात किंतु राहत नाही.

हिवाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. झेंडू, पिटुनिया आणि डायंथसची रोपे ऑक्टोबरच्या अखेरीस वाफ्यांत लागली आणि वेळेवर फुलली. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात तोडले. ‘ताई, आता पाने गळाली तरी पाइप लावायचा नाही,’ असे माळीमामांनी बजावून सांगितले होते. जानेवारीत दीड फुटावर छाटून, आळे उकरून, चार-पाच दिवस मुळांना ऊन दाखवून शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. मार्चमध्ये कळ्या धरल्या. थंडीत मेक्सिकन गवत मंदावते आणि किंचित पिंगट होते, हे नैसर्गिक आहे. संस्थेच्या एका माणसाने तेव्हा युरिया टाकून ते हिरवे करण्याची तयारी दाखवली होती, ती आम्ही नाकारली. युरियात ४६ टक्के नत्र असते. गवत वाढीला लागलेले असताना, पावसाची उघडीप पाहून, दर चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे आमच्या हिरवळीला अर्ध्या किलोहून थोडा जास्त, आणि लगेच पाणी, या पद्धतीनेच तो द्यावा. थंडीत झोपी गेलेल्या गवताला तो देऊन केवळ तण पोसले जाते.

पैशांच्या हिशोबात एक खटकणारी गोष्ट आहे. साहित्याचे बिल वेगळे असल्याने वर्षभरात ते मूळ कंत्राटाच्या निम्म्याच्या घरात गेले, आणि त्यात गांडूळखताच्या पिशव्यांचा वाटा मोठा होता. एका खेपेला आलेले शेणखत अर्धे कच्चे होते. त्यातून गाजर गवत आणि घोळ यांची रोपे हिरवळीभर उगवली, आणि ती खुरपायला लागलेला वेळ पुन्हा आमच्याच कंत्राटातून गेला. शेणखत हातात घेऊन मुठीत दाबावे, त्याला वास नसावा, हाताला उष्ण लागू नये आणि त्यात पेंढ्याच्या काड्या ओळखू येऊ नयेत. तेव्हापासून खत आम्ही स्वतः आणतो. दुसरी अडचण माणसांची. माळीमामा आले की काम उत्तम, ते गावी गेले की बदली आलेल्या मुलांना गुलाब आणि त्याच्या बुंध्यातून फुटलेला रानटी कोंब यांतला फरकही कळत नसे. कलमाच्या सांध्याखालून निघालेला तो कोंब वेळीच मुळापासून ओरबाडून काढला नाही तर तो सगळे अन्न खातो. एका झुडपाच्या बाबतीत तसेच झाले आणि ते झुडूप आता निव्वळ रानगुलाब उरले आहे. बदली माणसांना हंगामाची कामे लिहून देण्याची जबाबदारी संस्थेची होती, आणि ती पार पडली नाही.

तरीही आम्ही कंत्राट पुढच्या वर्षासाठी चालू ठेवले आहे, फक्त त्याचा मजकूर बदलून घेतला. वर्षाला ५२ फेऱ्या हा शब्दप्रयोग काढला. त्याऐवजी वर्षाचे तास धरले आणि ते हंगामांत विभागले, मेअखेर, जुलै आणि ऑक्टोबर यांना दुप्पट तास, डिसेंबर-जानेवारीला निम्मे. एप्रिल-मेमध्ये हिरवळ दोन इंचांपेक्षा खाली कापायची नाही, हे लिखित स्वरूपात घेतले. भुंगेरे गोळा करणे, जमिनीत भोके पाडणे, गुलाबाची छाटणी आणि मोगऱ्याचे पाणी तोडणे ही चार कामे तारखांनिशी नोंदवली, पहिल्या कामापुढे मात्र तारखेऐवजी ‘पहिला वळीव’ असे लिहिले. फवारणीच्या दिवशी औषधाचा मूळ डबा दाखवल्याशिवाय फवारणी सुरू होणार नाही, अशी अट घातली. संस्थेने या सगळ्याला होकार दिला आणि दर महिन्याला चार हजार रुपये मागितले, ते आम्हाला रास्त वाटले. माळीमामांचे नाव करारात घालायला मात्र त्यांनी नकार दिला.

तीनशे चौरस फुटांहून लहान हिरवळ आणि मोजक्या कुंड्या असलेल्या घरांना असे वार्षिक कंत्राट परवडणारे नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. अशांनी मेअखेर, जुलै, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आणि जानेवारी अशा चार वेळी चांगला माळी दिवसाच्या मजुरीवर बोलवावा, मधल्या काळात पाणी आणि खुरपणी घरच्यांनी पाहावी. हिरवळ मोठी असेल, गुलाब दहा-बारा झुडपांच्या वर असतील आणि अंगणात कडुनिंब असेल, तर मात्र कंत्राट घ्यावे, परंतु ते एप्रिलमध्ये घाईने न करता मेच्या मध्यापासून सुरू करावे.